पिस्तूल कोणतं घ्यावं, हे विचारण्याआधी



गेल्या महिन्यात शेजारच्या गावातला एक पोरगा कुरुंदवाडला माझ्या घरी आला. बी.ए. झालेला, इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी. जयंतीच्या मिरवणुकीवरून गावात मारामारी झाली, त्याच्या थोरल्या भावानं अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली, हा स्वतः त्यात साक्षीदार. तेव्हापासून रात्री घरासमोरून मोटारसायकली फिरतात, सायलेन्सर काढलेल्या. चहा संपायच्या आत त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. पिस्तुलांचे फोटो.

"दादा, ह्यातलं स्वस्तातलं अन् चांगलं कुठलं? पहिल्यांदाच घ्यायचंय. लायसन काढूनच घेणार, दोन नंबरचं नको."

हा प्रश्न विचारणारा तो माझ्याकडं आलेला पहिला नाही. चळवळीतल्या पोरांच्या ग्रुपवर आता अशी चर्चा उघड चालते. कोण म्हणतो अहिंसा आपली नाही, कोण म्हणतो बाबासाहेबांनी शस्त्र धरायला सांगितलं होतं, कोण नुसताच पिस्तुलाचा फोटो टाकून खाली निळा झेंडा लावतो. अशा पोरांना हसून वाटेला लावणं सोपं आहे, पण ज्याच्या दारातून रात्री गाड्या फिरतात त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. सिनेमात आणि रीलमध्ये दिसतं ते नऊ एमएमचं पिस्तूल तुम्हा-आम्हाला मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर, लष्कर आणि पोलिसांचं. साध्या नागरिकाच्या परवान्यावर हातात बाळगायचं हत्यार म्हणजे मुख्यतः .३२ किंवा .२२ बोअरचं. परदेशी हत्यारांची खाजगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळं तेव्हाचं एखादं वॉल्थर किंवा ब्राउनिंग आज हातोहात फिरतं आणि मालक त्याची किंमत काही लाखांत सांगतो. उरतं ते देशी. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मुख्य नाव ‘अशनी’, .३२ बोअर, पश्चिम बंगालमधल्या इछापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीचं. किंमत लाखाच्या आसपास. स्वस्तातलं म्हणतात ते हेच.

आता ते चालतं कसं, तेही समजून घ्या. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. धक्क्यानं वरची स्लाइड मागं जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर चढतं. मनगट ढिलं पडलं, साफसफाई नाही, काडतूस जुनं, यातलं काहीही झालं तरी ते मध्येच अडकतं, आणि अडकलेलं मोकळं करायला सराव लागतो. म्हणून नवख्याला जाणकार बहुधा रिव्हॉल्व्हर सुचवतात. एक गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पण तेही स्वस्त नाही. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. किंमत १,२२,३६० रुपये. बाईच्या सुरक्षेसाठी सरकारी कारखान्यानं काढलेली वस्तू, आणि ती परवडणार कोणत्या बाईला, हा प्रश्न त्या जाहिरातीत कुठं नव्हता. आणखी एक, रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही .३२ म्हणवत असले तरी एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. दुकानात जाऊन फसू नका.

रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये. एक लाख रुपये म्हणजे ३२० दिवसांची मजुरी, तीही मधल्या काळात घरात कोणी जेवलं नाही तर. वर परवान्याची फी, प्रशिक्षण, काडतुसं, आणि हत्यार कुलपात ठेवायला लोखंडी कपाट. शिरोळ तालुक्यात २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या कितीतरी घरांत कृष्णा-पंचगंगेचं पाणी शिरलं. माणसं बोटीनं बाहेर काढली, रेशनकार्डं वाळत घातली. लाखाचं पिस्तूल कुठं वाळत घालणार होतो, कोण जाणे.

पोरगा म्हणाला, "पैशाचं बघतो की. चौघं मिळून काढू."

चौघांनी मिळून पिस्तूल काढता येत नाही. परवाना एका माणसाचा, हत्यार त्याच्याच ताब्यात. दुसऱ्याच्या कमरेला सापडलं तर तो गुन्हा. आणि ज्यांना हे सगळं लांबचं वाटतं म्हणून गावठी कट्ट्याकडं बघतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच. ज्या पोरानं अॅट्रॉसिटीत साक्ष द्यायची त्याच्याच घरात कट्टा सापडला, की आरोपीच्या वकिलाचं अर्धं काम तुम्ही केलंत. आरोपी बाहेर, साक्षीदार आत. अशा वेळी टीप कोण देतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको.

आता परवान्याकडं येतो. शस्त्र अधिनियम, १९५९, कलम १४, पोटकलम २. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येणार नाही असं तिथं लिहिलं आहे. हे वाक्य मला पहिल्यांदा वाचायला मिळालं तेव्हा मी दोनदा वाचलं. कारण आपल्या भागात परवाना म्हटला की डोळ्यासमोर येतो तो ऊसवाला, पतसंस्थेचा अध्यक्ष, बांधकामवाला, नाहीतर लग्नाच्या वरातीत कमरेची वस्तू मुद्दाम दाखवणारा. जिल्ह्याच्या पश्चिमेला, चंदगड-आजरा-राधानगरीकडं, शेतकऱ्याला पीक संरक्षणासाठी बंदूक मिळते. रानडुक्कर ऊस खातं म्हणून. सैनिक टाकळीसारख्या गावातला निवृत्त जवान बारा बोअरच्या बंदुकीवर बँकेत किंवा साखर कारखान्यात पहारा देतो, त्याचीही गरज कोणी नाकारत नाही. ऊस, पैसा, साखर, या सगळ्यांच्या जिवाला धोका असतो हे जिल्हा प्रशासनाला कळतं. मग अॅट्रॉसिटीच्या साक्षीदाराच्या जिवाला धोका आहे हे कळायला कसला पुरावा लागतो?

माझं म्हणणं तरीही असं नाही की चला, सगळ्यांनी अर्ज करा. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते आपल्याच कायद्यात लिहिलेलं आहे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५. नियम ३, पोटनियम १. आपले बहुतेक कार्यकर्ते कलम ३ पाठ म्हणतात, कलम १८ पाठ म्हणतात, पण नियम ३ कोणी उघडत नाही. अत्याचार होऊ नये म्हणून राज्य सरकारनं आधी काय करायचं, याची ती यादी आहे. पहिलं काम, जिथं अत्याचार होण्याची किंवा पुन्हा होण्याची भीती आहे असं क्षेत्र निश्चित करायचं. दुसरं, जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथं जाऊन परिस्थिती बघायची. तिसरं नीट वाचा. गरज वाटली तर त्या क्षेत्रातल्या अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसांचे, त्यांच्या नातलगांचे, नोकरांचे, घरोब्याच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. चौथं, बेकायदा हत्यारं जप्त करायची, बनवणं थांबवायचं. आणि पाचवं, जीव आणि मालमत्तेच्या सुरक्षेसाठी गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे.

क्रम बघितलात? आपल्याला परवाना हे पाचव्या क्रमांकावर आहे. त्यांचा परवाना रद्द, हे तिसऱ्या क्रमांकावर. आपली पोरं पहिले चार सोडून थेट पाचव्यावर उडी मारतात, आणि नेमकं तेच एक असं आहे की ज्याचा खर्च आपल्या खिशातून होतो. तिसऱ्याला एक रुपया लागत नाही. लागते ती जिल्हा दंडाधिकाऱ्याची एक सही. म्हणून पिस्तूल कोणतं घ्यावं असं विचारणाऱ्याला माझा उलट प्रश्न असतो. तुमच्या गावात आज पिस्तूल कोणाकडं आहे, आणि ते खाली ठेवायला लावा म्हणून तुम्ही कधी अर्ज केलात का?

"असं कुठं होतंय व्हय दादा? कोण काढून घेणार त्यांच्याकडनं?"

होतं. बीड जिल्ह्याकडं बघा. केज तालुक्यातल्या मस्साजोगला पवनचक्की प्रकल्पावरच्या दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, दिवस ६ डिसेंबर २०२४. गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले, आणि ९ डिसेंबरला त्यांचा खून झाला. ती पहिली मारहाण महापरिनिर्वाण दिनी एका दलित माणसाला झाली होती, हे पुढच्या गदारोळात पार मागं पडलं. तो वेगळा विषय. पण राज्यभर आवाज उठला, जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं, आणि मग त्याच प्रशासनानं काही आठवड्यांत शंभराहून जास्त परवाने रद्द केले. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ मध्ये तो अधिकार पहिल्यापासून आहे. सार्वजनिक शांततेसाठी जरूर असेल तर परवाना रद्द करता येतो. बीडमध्ये कायदा नवा आला नव्हता, दबाव नवा होता. तोच दबाव आपल्या वस्तीसाठी आपण कधी आणला? मोर्चा काढतो तो घटना घडल्यावर. फाशीची मागणी करतो ती प्रेत उचलल्यावर.

इथं कोणीतरी म्हणणार की बाबासाहेबांनीच तर सांगितलं, चातुर्वर्ण्यानं आपल्याला शस्त्र नाकारलं म्हणून आपण बंड करू शकलो नाही. बरोबर आहे. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये तो मुद्दा आहे. युरोपातल्या दुबळ्यांच्या हाती लष्करी सेवा होती, शिक्षण होतं, राजकीय हत्यार होतं. इथं बहुजनांकडून तिन्ही काढून घेतली. पण तिथं बाबासाहेब कमरेला लावायच्या वस्तूची गोष्ट करत नव्हते. लष्करी सेवेची करत होते, म्हणजे राज्याच्या अधिकृत बळात आपला वाटा. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. १९१७ ला महार पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पन्नास वर्षं त्या माणसांनी बंदूक मागितली, ती राज्याची. एकेकट्यानं लपवून ठेवायची नव्हे.

आणि महाड आठवा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. जमलेल्यांत पलटणीतून आलेली माणसं होती, हातपाय चालवायला कोणी घाबरत नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. घाबरून नाही. उलटा वार झाला असता तर हल्लेखोर सुटले असते आणि आपली माणसं आत गेली असती, हे त्या बॅरिस्टरला कळत होतं. मग खटला चालला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

आपलं कुरुंदवाड पटवर्धनांचं संस्थान. या भागातल्या गावागावांत राखणीचं काम आपल्या वाडवडिलांकडं होतं. वेशीवर उभं राहायचं, सरकारी भरणा पोचवायचा, रात्री गस्त घालायची. हातात काय, तर वेसकराची काठी. गावाच्या जिवाची जबाबदारी आमची आणि हत्यार मात्र वाड्यात. आज परवान्यांची यादी काढली तर चित्र फार बदललेलं दिसेल असं मला वाटत नाही. म्हणूनच ती यादी मागवायची आहे, त्याबद्दल पुढं.

अत्याचारात पिस्तुलाचा उपयोग काय होतो, हेही एकदा डोकं शांत ठेवून बघू. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या साखळ्या आणि अख्खा जमाव. सुरेखा भोतमांगे आणि प्रियांका या आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. त्या प्रकरणातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून गावात आले. त्या घराला त्या संध्याकाळी लागत होती पोलिसांची एक गाडी. खर्डा, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांच्या नितीन आगेला भरदिवसा मारलं. पुढं साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. तिथं साक्षीदारांना संरक्षण मिळालं असतं तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. एखाद्याच्या उशाखाली पिस्तूल असतं तर काय बदललं असतं, सांगा.

जमाव पन्नासाचा, मॅगझिनमध्ये सात-आठ गोळ्या. पहिली उडाली की तुमची अॅट्रॉसिटीची फिर्याद बाजूला आणि खुनाच्या प्रयत्नाची उलटी केस समोर. आजसुद्धा आपली फिर्याद लिहायच्या आधी समोरच्याची दरोड्याची, विनयभंगाची फिर्याद तयार असते. त्यात पिस्तूल घातलं तर पंचनामा काय होईल याचा विचार करा. खाजगी बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ पासून पुढं, आणि तो आपलाही आहे. पण कलम ३७ म्हणतं, सरकारी संरक्षण मागायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि जरुरीपेक्षा जास्त इजा करता येत नाही. जरुरी किती होती हे कोर्ट नंतर ठरवतं. तोवर तुम्ही कळंब्याच्या जेलमध्ये.

आणखी एक गंमत बघा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, कोणतीही निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्या परवानाधारकांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं. गावात आपल्याला मार पडतो तो बहुतेक वेळा याच दिवसांत. ज्याचे साहेबांशी संबंध, त्याला सवलतीचा अर्ज करता येतो. तुमचं मात्र ठाण्यात.

आपल्याच काही नेत्यांबद्दलही बोललं पाहिजे. मागं दोन गनमन, कमरेला वस्तू, वाढदिवसाच्या बॅनरवर तलवार. ही माणसं पोरांना शस्त्राची भाषा शिकवतात आणि घटना घडली की फोन उचलत नाहीत. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीत त्यांची नावं असतात. नियम १७ प्रमाणे ही समिती तीन महिन्यांतून किमान एकदा बसली पाहिजे. त्या बैठकीत नियम ३ चा विषय यांनी एकदा तरी काढला का? इतिवृत्त मागवा, कळेल.

ज्या पोरा-पोरींना पिस्तुलाची खरीच आवड आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट हा कोल्हापूर जिल्हा नेमबाजांचा आहे. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं मिळवलं. तेजस्विनी सावंत २०१० ला जागतिक विजेती झाली. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला आणि २०२४ ला पॅरिसहून पदक घेऊन आला. सुरुवात करायची तर १० मीटरच्या एअर पिस्तुलानं करा, त्याला शस्त्रपरवानाही लागत नाही. आपल्या वस्तीतली एक पोरगी त्या रेंजवर उभी राहिलेली मला बघायची आहे.

तर त्या पोराचं काय केलं? आम्ही दोघं रात्री बारापर्यंत बसून अर्ज लिहिला, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत पोलीस अधीक्षकांना. गावाचं नाव, फिर्यादीचा क्रमांक, गाड्या फिरल्याच्या तारखा आणि वेळा. मागण्या नियमाच्या क्रमानं. एक, गाव अत्याचारप्रवण क्षेत्र म्हणून निश्चित करा. दोन, समक्ष पाहणी करा. तीन, आरोपी आणि त्यांच्या नातलगांचे परवाने असतील तर रद्द करून हत्यारं जमा करा. चार, बेकायदा हत्यारांसाठी झडती घ्या. पाच, साक्षीदाराला परवाना द्या, आणि नाकारणार असाल तर कारण लेखी द्या. कलम १४ प्रमाणे ते द्यावं लागतं. सोबत विशेष न्यायालयात कलम १५अ खाली साक्षीदार संरक्षणाचा वेगळा अर्ज. आणि माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून गृह शाखेला चार प्रश्न: शिरोळ तालुक्यात शस्त्रपरवाने किती, कोणत्या कारणासाठी दिले, त्यात अनुसूचित जाती-जमातीचे किती, आणि १९९५ पासून नियम ३ खाली या जिल्ह्यात किती परवाने रद्द केले. नावं मागितली की नकार येतो, म्हणून आकडेच मागितले.

टपाल शाखेत कारकुनानं अर्ज उलटापालटा करून विचारलं, "हा कुठला नियम?" पोरानं मोबाईलवरचं राजपत्र उघडून त्याच्यापुढं धरलं. आवकचा शिक्का मारलेली पोच घेऊन आम्ही खाली आलो.

एस.टी.त बसल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "दादा, पण समजा पाचवं मंजूर झालंच, तर मग कुठलं घेऊ?"

म्हटलं, तेव्हा बघू. आधी तिसऱ्याचं उत्तर येऊ दे.

तुमच्या गावात अॅट्रॉसिटीची फिर्याद चालू असेल आणि साक्षीदाराला धमक्या येत असतील, तर फिर्यादीची प्रत आणि धमक्यांच्या तारखा लिहून ठेवा. अर्जाचा मसुदा माझ्याकडं तयार आहे. फक्त गावाचं नाव बदलायचं आहे.